पिलात पास, यरीहो नापास

१० नोव्हेंबर २०२४, दिघोरी

निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं की रोज दैनंदिनी लिहायची. जून गेला, पावसाळा गेला, दिवाळीही गेली आणि आज पहिलं पान लिहितो आहे. आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला, पण स्वतःच्या घरात इतिहास घडायला लागल्याशिवाय हातात पेन आलं नाही.

दुपारी जेवताना रीनाने सांगितलं, "बाबा, मी प्रितमशी लग्न करणार आहे." वरण वाढा, अशा सुरात.

रीना आमची एकुलती एक. लाखांदूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते, सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळच्या एसटीने येते. प्रितम म्हणजे आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर. आमच्या मोनाला, म्हणजे म्हशीला (नाव रीनानेच ठेवलं), सप्टेंबरपासून तोच तपासतो. म्हैस इतक्या वेळा कशी आजारी पडते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

मुलगा सानगडीचा. घराणं ख्रिश्चन. वडील श्यामराव, बँड पार्टीचे मास्तर. या भागातल्या निम्म्या वराती त्यांच्या ट्रंपेटवर निघाल्या आहेत.

आता माझी पंचाईत अशी, की जातपात-धर्म पाहू नका म्हणून मी दर स्नेहसंमेलनात भाषण ठोकलेलं. ते ऐकलेली पोरं आता सरपंच, तलाठी होऊन बसली आहेत. सरळ नाही म्हणायची सोय नाही. मग मी शांतपणे म्हणालो, "माझा विरोध नाही. पण मी पुराव्याचा माणूस आहे. त्यांच्या ग्रंथातल्या एका तरी माणसाचा पुरावा ग्रंथाबाहेर दाखवायला सांग. दाखवला तर पुढचं बोलू."

अट मलाच फार आवडली. कुणाला दुखावलं नाही आणि विषय किमान दोन वर्षं लांबला.

रुखमिणी ताटावरून उठता उठता म्हणाली, "लगन पोट्टीले प्रितमसंग कराचं हाय का त्या पुस्तकातल्या मानसासंग?"

बायकांना संशोधनाची शिस्त समजत नाही.

१७ नोव्हेंबर

पोरगा आला. तेही पुरावा घेऊन.

मोना गाभण आहे का ते पाहायचं होतं. त्याने खांद्यापर्यंत हात साबणाने धुतला, म्हशीच्या मागे उभा राहिला, हात आत घातला आणि तसाच माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, पिलात चालन का?"

"कोण पिलात?"

"पंतय पिलात. ज्यानं येशूले क्रुसावर द्याचा हुकूम दिला, तो रोमन सुभेदार. एकोणीसशे एकसष्टमधे कैसरिया गावात खोदकाम झालं. जुन्या नाटकघराच्या पायऱ्यांत एक दगड सापडला, त्याच्यावर त्याचं नाव होतं अन् हुद्दा बी. मागच्या लोकांनी दगड आयता भेटला म्हनून पायरीले लावून टाकला होता." मग जरा थांबून, "दोन महिन्याची गाभण आहे सर."

दोन्ही बातम्या एकदम आल्यामुळे मी गोंधळलो. पण पायरीची गोष्ट मनाला पटली. आमच्या तलावाच्या घाटावर नक्षीचा जुना खांब आडवा पडलेला आहे, गावातल्या तीन पिढ्यांनी त्याच्यावर धोतरं आपटली. शिलालेखाची पायरी करणं हे माणसाच्या स्वभावात बसतं. बनावट करणारा दगड देव्हाऱ्यात ठेवेल, पायरीत कशाला बसवेल?

मोबाइलवर फोटो दाखवला. मी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. पिलातला पास करावं लागलं.

"पण हा तर खलनायक निघाला," मी म्हणालो. "नायकांपैकी कुणी आण."

"आनतो सर," तो म्हणाला आणि स्वतःच्या हाताने बादली धुऊन जागेवर ठेवून गेला. बादली धुण्याचा आणि विषयाचा संबंध नाही, पण नोंद असावी.

२० नोव्हेंबर

नागपूरहून तीन ग्रंथ मागवले. रुखमिणीने विचारलं, कशाला? म्हटलं, परीक्षकाला विद्यार्थ्यापेक्षा जास्त माहिती असावी लागते.

२४ नोव्हेंबर

आज राजा दावीद. गोठ्यातच बैठक मारली, कारण मोनाला जंताचं औषध पाजायचं होतं.

तेल दान नावाच्या जागी एका शत्रू राजाचा फुटका शिलालेख सापडला. तो राजा फुशारकी मारतो की मी यंव केलं, त्यंव केलं, आणि बोलता बोलता 'दाविदाचं घराणं' असं लिहून जातो. म्हणजे घराणं होतं! मी टाळी वाजवली. मोना दचकली आणि औषध प्रितमच्या शर्टावर गेलं.

आपल्या माणसाने केलेल्या स्तुतीला मी कधीच मार्क देत नाही. शत्रूच्या तोंडून निसटलेलं वाक्य मात्र सोन्याचं. हे मी त्याला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, तुमी आमाले शाळेत असायले पाहिजे होते."

पोरगा खुशामत करतो आहे हे मला कळतं. तरी वाक्य लिहून ठेवलं.

त्याला मी माझा जुना सदरा घालायला दिला. शर्ट ओला होता म्हणून. रीनाने कारण नसताना तीनदा गोठ्यात येऊन पाहिलं.

१ डिसेंबर

हिज्कीया राजा! काय माणूस! सन्हेरीब नावाचा बलाढ्य बादशहा चालून येणार, यरुशलेमला वेढा पडणार, तर शहराबाहेरचं पाणी आत आणायला याने डोंगराच्या पोटातून बोगदा खणला. दोन टोकांनी दोन टोळ्या खणत आल्या आणि मधोमध एकमेकांचे आवाज ऐकून भेटल्या. तसं तिथल्या भिंतीवर कोरलेलं सापडलं आहे, आणि बोगद्यातून आजही पाणी वाहतं. आमच्याकडे पाटबंधाऱ्याचा नहर एकाच टोकाने खणतात, तरी तो शेताला भेटत नाही.

सन्हेरीबने स्वतःच्या विटेवर लिहिलं की हिज्कीयाला मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. पण शहर जिंकलं असं लिहीत नाही! यांच्या ग्रंथात लिहिलं की बादशहा हात हलवत परत गेला. ग्रामपंचायतीच्या निकालानंतर आपल्याकडे दोन्ही गट गुलाल उधळतात, त्यातला प्रकार. पण वेढा पडला आणि शहर वाचलं, यावर दोघांचं एकमत.

हे सगळं मी चहाच्या टपरीवर सांगितलं. धान विकायला आलेली माणसं बैलबंडी सोडून ऐकत उभी राहिली.

८ डिसेंबर

शेजारचा सोमाजी आला. खुर्ची माझ्या कानाजवळ ओढून म्हणाला, "सर, कवा घेऊन राहिले?"

"काय?"

"बाप्तिस्मा."

मी भडकलो. म्हटलं, मी परीक्षक आहे, पेपर तपासतो आहे. सोमाजी म्हणाला, "तेच तं म्हनून राहिले लोक. पेपर तपासता तपासता मास्तरच पास झाला म्हनते."

गावाला उद्योग नाही.

१५ डिसेंबर

प्रितम आला नाही. लसीकरणाच्या शिबिराला गेला आहे म्हणे. मी फाटकापर्यंत जाऊन आलो, मोनाच्या काळजीने. मग परत गेलो.

रुखमिणी म्हणाली, "अजी, म्हैस मस्त रवंथ करून राहिली. तुमीच काहून येरझारा मारून राहिले?"

मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या प्रश्नावर त्याला गाठायचं होतं, एवढंच. मोशेने इतके लोक मिसरातून बाहेर काढले, तर मिसरी लेखांत त्याचा उल्लेख का नाही? रीनाला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, माझ्या लॅबमध्ये रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाहीच असं नसतं. कधी नमुनाच कमी पडतो." ही मुलगी लहानपणापासून माझं म्हणणं खोडून काढते. घरात दुसरं कोणी काढत नाही. रुखमिणी फक्त टोमणे मारते.

२६ डिसेंबर

काल डब्यातून केक आला, करंज्या आणि लिंबाचं लोणचं. रुखमिणी म्हणाली, सानगडीच्या मावशीने पाठवलं. सानगडीला तिला मावशी आहे हे मला आजवर माहीत नव्हतं, आणि मावशी केक करते हेही. लोणचं उत्तम.

३० डिसेंबर

निकाल लावला. पिलात, दावीद, हिज्कीया तिघेही पास. आता अट मोडता येणार नाही, मी शब्दाचा पक्का आहे. रविवारी श्यामरावांना सहकुटुंब बैठकीला बोलावलं आहे.

रीनाने हे ऐकल्यावर माझ्या गळ्यात हात टाकले. लहान होती तेव्हा टाकायची तसे. त्यानंतर छातीत काहीतरी दाटून आल्यासारखं झालं. वाटाण्याची उसळ असावी. रुखमिणीने ओवा दिला, पण फरक नाही.

५ जानेवारी २०२५

सगळं मातीत गेलं. झालं ते क्रमाने लिहितो.

श्यामराव आले, पांढरा शर्ट, मिशी रंगवलेली. बरोबर पत्नी शकुनबाई आणि प्रितम. शकुनबाई थेट चुलीकडे गेल्या आणि रुखमिणीशी अशा बोलू लागल्या, जशी वर्षानुवर्षांची ओळख. "लोनचं मुरलं का जी?" असं काहीसं कानावर आलं. बायका लवकर मिसळतात.

लाखोरीच्या डाळीचे वडे तळणं सुरू होतं. श्यामराव मोजकं बोलणारे. मला वाटलं, वातावरण मोकळं करावं; त्यांच्या ग्रंथाचा मी किती अभ्यास केला हे ऐकून माणूस खूश होईल. मी उभा राहिलो आणि गुण वाचून दाखवले. पिलात नव्वद. हिज्कीया पंच्याऐंशी. दावीद पासष्ट. श्यामराव मान डोलवत होते.

मी तिथे थांबायला हवं होतं. पण निकाल अर्धा वाचायची सवय नाही. "यरीहो शहर," मी म्हणालो, "वीस. नापास. तुतारी फुंकली आणि तटबंदी पडली म्हणता, पण खोदणाऱ्यांपैकी बहुतेकांचं म्हणणं, त्या काळात तिथे पडायला तटबंदीच नव्हती."

प्रितम माझ्याकडे बघून डोळ्यांनी नको-नको करत होता. मला ते नंतर कळलं.

श्यामरावांनी कप खाली ठेवला. "सर, माह्या बापानं माह्या हातात पयल्यांदा ट्रंपेट देली, तवा हेच गोष्ट सांगतली होती. बाजा वाजवनाऱ्याले लोक हलका समजते, पन देवानं भीत पाडाले तलवारवाला नाई बोलावला, बाजावाला बोलावला. त्याच्या भरवशावर मीनं जिंदगी काढली." मग उठले. "आमी पोट्टीले पाहाले आलो होतो. पेपर द्याले नाई आलो."

सोयरिकीच्या बैठकीतून पाहुणा जेवायला न थांबता उठला, म्हणजे बोलणं मोडलं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. वडे परातीत तसेच राहिले.

६ जानेवारी

रीना रडली असती तर बरं झालं असतं. ती डबा न घेता एसटीला गेली.

रुखमिणीने मला गोठ्यात गाठलं. "तुमाले लगन मोडाचंच होतं, तं सिधं मोडाचं होतं. हजारो वर्साच्या भिंतीवर कायले ढकलून राहिले?"

मी म्हणालो, मी फक्त खरं बोललो. ती म्हणाली, "खरं? पोट्टी जाऊन राहिली म्हनून तुमचा जीव खालीवर होऊन राहिला, हे खरं हाय. ते काहून नाई बोलत?"

९ जानेवारी

प्रितम मोनाला पाहायला आला. चहा घेतला नाही. माझा सदरा धुऊन, इस्त्री करून परत आणला होता. तो घडी केलेला सदरा हातात घेताना मला फार वाईट वाटलं.

म्हटलं, "तू तरी रागावू नकोस."

"मी नाई रागावलो सर. पिलात, दावीद हे तुमी सांगितलं म्हनून शोधलं. माहा विश्वास त्या दगडांवर टेकलेला नव्हता कधी. पन बाबाले दुखवून मी लगन नाई करनार. रीना बी तसंच म्हनते, दोन्ही घरं हसत असन तरच."

मोना तब्येतीने उत्तम आहे. आता त्याला इकडे यायचं कारण उरलेलं नाही.

११ जानेवारी

बायको म्हणाली ते खरं आहे. यरीहो वाचायची काही गरज नव्हती. वाचताना मनात थोडं गोड वाटलं होतं, हे मला आठवतं. बैठक मोडावी असं मनात नव्हतं, पण मोडली तर पोरगी घरात राहील, असं कुठेतरी होतं. ती गेल्यावर सकाळी एसटीच्या वेळेला या घरात घाई कुणाची होणार? माझं म्हणणं खोडून कोण काढणार? त्या पोरात मी खोट काढायला बसलो आणि एकही सापडली नाही, म्हणून हजारो वर्षं मागे जाऊन शोधली.

उद्या सानगडीला जातो.

१२ जानेवारी

रुखमिणी बरोबर आली. एसटीतून उतरल्यावर पत्ता विचारावा म्हटलं, तर ती पुढे चालायला लागली. डावीकडे, मग उजवीकडे, मग थेट श्यामरावांच्या दारात. तिथला कुत्राही तिच्यावर भुंकला नाही. मी आता असल्या गोष्टी विचारत नाही.

श्यामराव ओसरीवर बसून चिंचेने ट्रंपेट घासत होते. मी म्हणालो, "श्यामराव, मी चुकलो. माफी मागायला आलो. निकाल रद्द."

ते घासतच राहिले. "निकाल काहून रद्द करता? तुमी वाचलं ते वाचलं. बसा. सर, तुमाले माहीत हाय का, साकोलीले तुमची वरात गेली होती, तवा बाजा माहाच होता? मी नवाच होतो पार्टीत."

मला माहीत नव्हतं.

"अना तुमी नाचले होते."

"शक्य नाही," मी म्हणालो. मी उभ्या आयुष्यात नाचलेलो नाही. मुख्याध्यापकांच्या मुलाच्या लग्नातही नाही.

"नाचले होते," दारातून रुखमिणी म्हणाली. "घोड्यावरून उतरून. मीनं माडीवरून पायलं."

"पुरावा काय?" माझ्या तोंडून गेलं. जीभ चावली, पण गेलं ते गेलं.

मला वाटलं, संपलं. पण श्यामराव हसायला लागले. "नाई ना जी पुरावा! फोटोवाल्याचा रोल जळला होता. दगडावर कोनी लिहून नाई ठेवलं. मंग? तुमची वरात नापास?"

इतक्या वर्षांत वर्गातल्या कुठल्या पोराने माझाच प्रश्न असा माझ्यावर उलटवला नव्हता.

मग त्यांनी ट्रंपेट तोंडाला लावली आणि एक जुनी धून सुरू केली, वरातीत वाजवायचे तसली. मी ताठ बसलो होतो. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. माझा उजवा पाय मात्र माझ्या परवानगीशिवाय हलत होता. मी डाव्या पायाने तो दाबून धरला, तर डावाही हलायला लागला. शकुनबाई पदर तोंडात धरून आत पळाल्या.

श्यामरावांनी ट्रंपेट खाली घेतली. "सर, यरीहोची भीत असो का नसो. मीनं फुंकली अना तुमच्यासारका मानूस हालला. मले येवढं पुरे."

मग मी सगळंच सांगून टाकलं. मला भीती वाटते, पोरगी गेल्यावर घर खायला उठेल, पुरावा वगैरे निमित्त होतं. ते म्हणाले, "मंग हे पयल्या दिवशीच काहून नाई बोलले? सानगडी का परदेसात हाय?"

जेवून निघालो. वाढताना शकुनबाईंनी आधी लोणचं पुढे केलं. चव ओळखीची होती. बोलणं जुळलं, साक्षगंध पुढच्या आठवड्यात.

२३ फेब्रुवारी

आज लग्न. भंडाऱ्याला नोंदणी परवाच झाली, सकाळी सानगडीला चर्चमध्ये प्रार्थना, आता दुपारी आमच्या अंगणात हार. वरात दिघोरीच्या वेशीवर आली आहे. नवऱ्या मुलाचा बाप स्वतः पुढे वाजवतो आहे, फेटा बांधून. असं कुणी पाहिलं नव्हतं. मी यजमान आहे, मला गंभीर राहायचं आहे. चष्मा सापडत नाही. रीना हाक मारते आहे.

२४ फेब्रुवारी

सकाळी एसटी आली, फाटकापाशी थांबली, कुणी चढलं नाही, गेली. कंडक्टरनेही डोकावून पाहिलं.

दुपारी सोमाजी मोबाइल घेऊन आला. वरातीचा व्हिडिओ दाखवायचाच होता त्याला. तोंडभर हसत त्याने तो आमच्या दोघांच्या पुढे धरला. त्यात ट्रंपेटवाल्याच्या अगदी समोर फेट्यातला एक वयस्क माणूस दोन्ही हात वर करून नाचतो आहे. ताल बरा आहे. नवरी त्याचे हात धरून त्याच्याबरोबर नाचते आहे, आणि तो नाचता नाचता रडतो आहे, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा.

मी व्हिडिओ दोनदा पाहिला. म्हणालो, धूळ फार आहे, हा कोण ते ओळखू येत नाही.

रुखमिणीने मोबाइल माझ्या हातातून घेतला, पदराने काच पुसली. "मले येते," ती म्हणाली.